बोर्नमथमधले शेवटचे एकशेदहा तास

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणारे जे. आर. आर. टोल्किन २ सप्टेंबर १९७३ रोजी, रविवारी भल्या सकाळी गेले. वय ८१. निदान होतं जठरातल्या अल्सरमधून रक्तस्राव, आणि त्याच्या पाठोपाठ छातीत जंतुसंसर्ग. ऐंशी उलटलेला माणूस गेला की लोक ‘वय झालं होतं’ म्हणतात आणि विषय मिटतो. पण त्यांचे चरित्रकार हम्फ्री कार्पेंटर यांनी हे शेवटचे पाच दिवस मोजक्या, कोरड्या वाक्यांत नोंदवून ठेवले आहेत. पोटाच्या शस्त्रक्रियांशी ज्याचा थोडाफार संबंध आला असेल, त्याला त्या वाक्यांमागे आजाराचा अख्खा आलेख दिसतो: कुठे इशारा मिळाला, कुठे धार लागली, कुठे उगाच हायसं वाटलं.

कार्पेंटर प्रहर देतात, घड्याळातली वेळ देत नाहीत. खाली दिलेले उरलेल्या तासांचे आकडे मी रविवारची पहाट धरून मागे मोजत आणले आहेत, म्हणून ते ‘सुमारे’.

१९७२ चा शेवट: आठ-नऊ महिने आधी

पत्नी एडिथ नोव्हेंबर १९७१ मध्ये गेल्या. त्यांनाही पोटानंच नेलं, पित्ताशयाच्या दाहानं. त्यानंतर टोल्किन बोर्नमथ सोडून ऑक्सफर्डला परतले आणि मर्टन कॉलेजनं दिलेल्या जागेत एकटे राहू लागले. टेबलावर ‘सिल्मरिलियन’ पडलेलं होतं. पहिल्या महायुद्धाच्या दिवसांत सुरू केलेलं हे पुस्तक पन्नास वर्षांहून जास्त काळ लिहून, खोडून, पुन्हा लिहूनही पुरं झालेलं नव्हतं.

१९७२ च्या अखेरीला त्यांना अपचनाचा जोराचा त्रास सुरू झाला. एक्स-रे काढला. त्यात अपचनापलीकडे बोट ठेवावं असं काही सापडलं नाही. पथ्य लावलं आणि वाइन बंद करायला सांगितलं.

इथे जरा थांबायला हवं, कारण पुढचा सगळा घटनाक्रम या एका एक्स-रेपाशी अडखळतो. त्या काळी पोटाचा एक्स-रे म्हणजे खडूच्या पाण्यासारखं पांढरं बेरियम पाजायचं आणि त्याची सावली बघायची. अल्सरचा खड्डा खोल असेल आणि नेमका कडेला असेल, तर सावलीला एक टेंगूळ आल्यासारखं दिसतं. खड्डा उथळ असेल, पोटाच्या घडीत लपला असेल, रक्ताच्या गुठळीनं भरला असेल, तर काहीच दिसत नाही. सावलीत न दिसलेला अल्सर म्हणजे नसलेला अल्सर नव्हे, हे डॉक्टरांनाही ठाऊक होतं. आत नळी घालून प्रत्यक्ष बघायची सोयही तोवर आली होती. बेसिल हर्शोविट्झ यांनी काचतंतूंची लवचीक दुर्बीण १९५७ मध्येच करून दाखवली होती. पण ऐंशीच्या माणसाची अपचनाची तक्रार, एवढ्यावर नळी घालायची पद्धत तेव्हा रुळलेली नव्हती.

आपण फार शहाणे झालोय असंही नाही. आजही आपल्याकडे महिनोन्महिने पोटात जळजळतंय, भूक मेली आहे, वजन उतरतंय, तरी ‘पित्त आहे हो जरा’ म्हणून मेडिकलवाल्याकडून गोळ्यांची पट्टी आणणारे घरोघरी सापडतील. आणि गुडघ्यासाठी घेतलेली दुसरी पट्टी त्याच खिशात असते.

मंगळवार, २८ ऑगस्ट १९७३: सुमारे ११० तास उरलेत

टोल्किन ऑक्सफर्डहून बोर्नमथला निघाले. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं हे निवृत्त लोकांचं आवडतं गाव. एडिथबरोबरची शेवटची तीन वर्षं त्यांनी इथेच काढली होती. तेव्हा दोघांची देखभाल करणारे डॉक्टर आणि त्यांच्या पत्नी यांच्याशी मैत्री झाली होती. मुक्काम त्यांच्याच घरी.

म्हणजे हे एकशेदहा तास एका डॉक्टरच्या छपराखाली सुरू होतात. पुढे जे घडलं ते वेळेवर डॉक्टर मिळाला नाही म्हणून घडलं, असं म्हणायला जागा उरत नाही.

बुधवार, २९ ऑगस्ट: सुमारे ९० तास

या दिवशी त्यांनी मुलगी प्रिसिला हिला पत्र लिहिलं. प्रवास, हवा, घरगुती बेत. छापून आलेल्या पत्रसंग्रहातलं हे त्यांचं शेवटचं पत्र. शेवटाची चाहूल त्यात शोधू गेलं तर हाती लागते ती दमट हवा.

आता आत काय चाललेलं असतं ते बघू. जठरातलं आम्ल इतकं तीव्र असतं की मांसाचा तुकडा त्यात विरघळतो. तरी जठर स्वतःला पचवत नाही, कारण आतल्या अस्तरावर चिकट स्रावाचा थर असतो आणि त्या थराखाली आम्ल मारणारा क्षार झिरपत असतो. हा थर एखाद्या जागी पातळ झाला की आम्ल आणि पेप्सिन हा पाचकरस भिंत कुरतडायला लागतात. थर पातळ करणाऱ्यांत दोन मोठे गुन्हेगार: हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू, आणि अॅस्पिरिनच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या. तंबाखू भरून आलेली जखम पुन्हा उघडी ठेवायला मदत करते. टोल्किन यांच्या तोंडातला पाइप त्यांच्या प्रत्येक दुसऱ्या फोटोत आहे. त्यांच्या बाबतीत यातलं कोण दोषी, हे मी ठरवत बसणार नाही. १९७३ मध्ये जंतूचं नावही कोणी घेतलेलं नव्हतं.

कुरतडत कुरतडत खड्डा अस्तराखाली उतरतो, तिथे धमन्यांचं जाळं असतं. खड्ड्याच्या तळाशी एखादी धमनी उघडी पडते. ती केवढी? मोठा रक्तस्राव झाल्यामुळे ज्यांचं जठर तातडीनं कापावं लागलं, अशांच्या जठरांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून ब्रिटनमधल्या स्वेन आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये ते मोजलं. सरासरी व्यास ०.७ मिलिमीटर. माणसाला मारायला एवढी पुरते, आणि त्याचं कारण तिच्या आकारात नसून भोकाच्या जागेत आहे. धमनी आरपार तुटली तर तिची दोन्ही टोकं आखडून आत जातात, तोंड मिटतं, गुठळी धरते. अल्सर मात्र तिच्या एका कुशीला भोक पाडतो. उरलेली भिंत शाबूत असल्यानं ती आखडू शकत नाही. भोक उघडंच राहतं. म्हाताऱ्या माणसात तीच धमनी चुन्यानं कडक झालेली असते, ती तर मुळीच आखडत नाही.

गुरुवार, ३० ऑगस्ट, संध्याकाळ: सुमारे ५७ तास

यजमानीणबाईंचा वाढदिवस. टोल्किन समारंभात बसले. बरं वाटत नव्हतं, जेवण फारसं गेलं नाही. थोडी शॅम्पेन मात्र घेतली.

गोष्ट सांगणाऱ्याला हा घोट हवाहवासा वाटतो. पथ्य मोडलं, घात झाला. मला हा हिशेब पटत नाही. दारू अस्तराला चुरचुरवते, तो पेला कोणी औषध म्हणून द्यावा असं मुळीच नाही. पण तोंडाला लावलेल्या थोड्या शॅम्पेननं धमनीच्या कुशीला भोक पडत नसतं. त्या संध्याकाळची खरी खूण पेल्यात नव्हती, ताटात होती. मोजकंच खाणारा, ‘आज नको’ म्हणणारा म्हातारा पाहुणा. भूक मरणं ही या आजारात रक्ताच्या उलटीहून आधी येणारी आणि कोणालाच न दिसणारी तक्रार आहे. वाढदिवसाच्या घरात पाहुण्याच्या ताटाकडे इतक्या बारकाईनं कोण बघतं?

गुरुवारची रात्र: ५५ ते ४५ तास

रात्री पोटात दुखायला लागलं. कार्पेंटर एवढंच सांगतात. पण रक्तस्रावी अल्सरची रात्र कुठल्याही गावात साधारण एकाच वाटेनं जाते, म्हणून ती वाट तासातासानं सांगतो.

पहिल्या तासात बाहेर काहीच दिसत नाही. रक्त जठरात साचतं. आम्लात पडल्यावर त्याचा लाल रंग जाऊन ते कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट, रवाळ होतं. पुढे उलटीत हाच चोथा दिसतो. धार मोठी असेल तर आम्लाला वेळच मिळत नाही आणि उलटी लालभडक होते. खाली आतड्यात उतरलेलं रक्त डांबरासारखी काळी, चिकट शी होऊन बाहेर येतं. तिचा वास एकदा घेतलेला शिकाऊ डॉक्टर वॉर्डच्या दारातूनच निदान करतो. त्यासाठी फार रक्त लागत नाही, पन्नास-शंभर मिलिलिटर बास होतात. लोह वाढवायच्या गोळ्यांनीही शी काळी होते, पण ती अशी चिकटत नाही आणि असा वासही मारत नाही.

पुढच्या तासांत शरीर खोटं बोलतं. अंगातल्या पाचेक लिटर रक्तापैकी अर्धा-पाऊण लिटर गेलं तरी माणूस बसून बोलत असतो. दीड लिटरच्या आसपास जाईपर्यंत झोपलेल्या माणसाचा रक्तदाब टिकून राहू शकतो, कारण हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून शरीर मेंदू आणि हृदयाकडे रक्त ढकलत असतं. नाडी जलद होते, हातपाय गार पडतात, कपाळावर घाम येतो, लघवी कमी होते. या वेळी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन जवळजवळ पूर्वीइतकंच येतं. साधं आहे: जे गेलं ते जसंच्या तसं गेलं, उरलेलं पातळ झालेलं नाही. ते पातळ व्हायला आणि खरा आकडा दिसायला दिवस-दीड दिवस लागतो. पहिल्या रिपोर्टवर विसंबून ‘हिमोग्लोबिन तर ठीक आहे’ म्हणत स्वस्थ बसणं ही या आजारातली सर्वांत जुनी फसगत.

आणि गुठळी? ती धरत असते, सुटत असते. बाहेर हाताला कापलं तर रक्त पाच-सात मिनिटांत थांबतं. जठरात आम्ल असल्यामुळे प्लेटलेट एकमेकींना नीट चिकटतच नाहीत, आणि ज्या चिकटल्या त्यांची गुठळी पेप्सिन पचवून टाकतं. शरीर रात्रभर बांध घालतं, जठर रात्रभर तो खातं.

शुक्रवार, ३१ ऑगस्ट, सकाळ: सुमारे ४४ तास

टोल्किन यांना खासगी रुग्णालयात हलवलं. निदान झालं: अल्सर, जठरातला, तीव्र, रक्तस्राव चालू. आठ-नऊ महिन्यांपूर्वी सावलीत न सापडलेली गोष्ट आता नाव घेऊन समोर होती.

ऐंशी ओलांडलेला रुग्ण, वाहणारा अल्सर, साल १९७३. डॉक्टरांपुढे काय काय होतं? शिरेतून सलाइन, रक्ताच्या बाटल्या, नाकातून जठरात नळी, आणि त्या नळीतून थंडगार पाण्यानं जठर धुणं. गारव्यानं रक्तवाहिन्या आवळतील ही आशा होती. ती फार फळली नाही आणि पुढे ही पद्धतच मागे पडली. आम्ल मारायला दूध आणि क्षाराची औषधं. आम्ल तयारच होऊ नये असं प्रभावी औषध दुकानात नव्हतं. दुर्बीण असलीच, तर तिच्यातून बघता येत होतं, करता जवळजवळ काही येत नव्हतं. वाहणारी धमनी हमखास बंद करायचा मार्ग एकच उरायचा, सर्जनचा.

ते ऑपरेशन कागदावर सोपं आहे. छातीच्या हाडाखालून बेंबीपर्यंत सरळ चीर. जठर फुगलेलं, निळसर. ते उघडलं की आधी ओंजळ-ओंजळ गुठळ्या बाहेर काढायच्या, कारण त्याखाली काय आहे ते दिसतच नाही. मग अचानक तळातून धार येते आणि सगळं पुन्हा लाल होतं. अशा वेळी अनुभवी सर्जन हत्यार मागत नाही, बोट ठेवतो. एका बोटाच्या टोकाखाली ०.७ मिलिमीटरची ती धमनी दबते. भूल देणारा डॉक्टर बाटल्या लावून रक्तदाब वर आणतो, तोवर पाच-दहा मिनिटं कोणीही काही करत नाही. ही स्वस्थता अंगी बाणायला वर्षं लागतात. मग बोट हळूच सरकवून खोलवर टाके: धमनीच्या अलीकडून, पलीकडून आणि आडवे.

टाके घातले की रक्त थांबतं, पण अल्सर तिथेच असतो. त्याचं काय करायचं यावर सर्जन लोकांनी शतकभर वाद घातला. थिओडोर बिलरोथ यांनी १८८१ मध्ये व्हिएन्नात कॅन्सरसाठी जठराचा खालचा भाग कापून उरलेलं आतड्याला यशस्वीपणे जोडलं, तेव्हापासून कापून काढणं हा एक पक्ष. लेस्टर ड्रॅगस्टेट यांनी १९४३ मध्ये शिकागोत आम्लाचा हुकूम नेणारी व्हेगस नसच तोडली. तो दुसरा पक्ष, पोटाला हलका. जठराच्या अल्सरमध्ये कॅन्सर लपलेला असू शकतो, म्हणून तो नुसता शिवून मागे ठेवायला सर्जनचा हात धजावत नाही, निदान तुकडा तरी तपासणीला पाठवतो. कापणाऱ्यांकडे पुन्हा रक्त वाहण्याची भीती कमी. पण एक्क्याऐंशीच्या माणसाला आणखी दीड तास भुलीखाली ठेवणं म्हणजे वेगळी जोखीम विकत घेणं. आतून चालू राहिलेली धार मारते, आणि धार थांबवायला केलेलं ऑपरेशनही मारतं. सर्जनला यातलं कमी मारणारं निवडायचं असतं, तेही पहिल्या काही तासांत.

कधी चिरायचं, याच्यावर दोन घराणी होती. थांबणारे म्हणत, दहातले आठ रक्तस्राव आपोआप थांबतात, मग कशाला चिरायचं? लवकर चिरणारे म्हणत, म्हाताऱ्या माणसाला पहिला रक्तस्राव सोसतो, दुसरा सोसत नाही. त्या दुसऱ्याची वाट बघू नका. यांत कोण बरोबर याचं उत्तर चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या चाचणीतून मिळालं ते १९८४ मध्ये, बर्मिंगहॅमला. साठीपुढच्या रुग्णांत लवकर ऑपरेशनच्या धोरणानं मृत्यू कमी झाले. साठीच्या आतल्यांत त्याचा फायदा दिसला नाही. म्हणजे ज्याला चिरायला सर्वांत जास्त भीती वाटते, त्यालाच आधी चिरायला हवं. हे उत्तर टोल्किन यांच्या डॉक्टरांच्या अकरा वर्षं पुढे होतं.

कार्पेंटर यांच्या चरित्रात ऑपरेशनचा उल्लेख नाही.

शुक्रवार, दिवसभर आणि रात्र: ४० ते २५ तास

थोरला मुलगा जॉन आणि मुलगी प्रिसिला बोर्नमथला पोचले. दुसरे दोन मुलगे दूर होते: मायकेल सुट्टीवर स्वित्झर्लंडमध्ये, ख्रिस्तोफर फ्रान्समध्ये. दोघांनाही वेळेत येणं शक्य नव्हतं. रुग्णालयातून येणाऱ्या बातम्या सुरुवातीला आशेच्या होत्या.

या आशेला मी खोटी म्हणणार नाही. रक्त चढवलं की गालावर रंग येतो, नाडी खाली येते, माणूस नातेवाइकांना ओळखून दोन शब्द बोलतो. पण अल्सरच्या वॉर्डात पहिले बहात्तर तास ‘सुधारतोय’ हा शब्द जपून वापरतात. दुसरी धार बहुतेक वेळा याच तीन दिवसांत लागते.

रक्त चढवण्याबद्दलही एक सांगायला हवं. तेव्हाची रीत होती, गेलंय तेवढं भरून काढा, जमलं तर वर थोडं. त्यात चूक काही वाटायची नाही. बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये ९२१ रुग्णांवर तपासून दाखवलं की हिमोग्लोबिन ७ च्या खाली जाईपर्यंत हात आखडता ठेवला तर जास्त माणसं वाचतात: सहा आठवड्यांनी ९५ टक्के जिवंत, आणि सढळ हातानं रक्त दिलेल्यांत ९१ टक्के. बेदम वाहत असलेले रुग्ण या चाचणीत घेतले नव्हते, हेही लक्षात ठेवायचं. पण बाकीच्यांत भरभरून रक्त दिलं की दाब वाढतो आणि नुकताच धरलेला बांध सुटू शकतो. नातेवाइकांना हे समजावून सांगणं सर्वांत कठीण. ‘डॉक्टर, रक्त का लावत नाही? आम्ही आणतो की!’ हे वाक्य आपल्या रुग्णालयांत रोज ऐकू येतं.

शनिवार, १ सप्टेंबर: सुमारे २० तास

छातीत जंतुसंसर्ग झाला.

घटनाक्रम इथे वळतो आणि वाचणाऱ्याला चुकल्यासारखं वाटतं. तीन दिवस आपण जठराकडे डोळे लावून बसलो, आणि वार झाला फुप्फुसावर. पण ज्यांनी हे रुग्ण पाहिलेत त्यांना यात आश्चर्य नाही. हाँगकाँगमध्ये अल्सरच्या रक्तस्रावाच्या दहा हजारांहून जास्त घटनांचा माग ठेवला गेला. २०१० मध्ये निकाल छापून आले. जे दगावले, त्यांतले जवळजवळ ऐंशी टक्के रक्तस्रावानं दगावलेच नाहीत. हृदय, फुप्फुस, मूत्रपिंड, कॅन्सर यांनी नेले. रक्त थांबलेलं होतं, पण त्यानं दिलेला धक्का बाकीच्या अवयवांना झेपला नाही.

छातीच का? ऐंशी ओलांडलेला माणूस उताणा पडलेला. पोट दुखतंय म्हणून खोल श्वास घेत नाही. खोकला काढायची ताकद नाही. फुप्फुसांच्या तळाकडचे हवेचे फुगे मिटून जातात, तिथे कफ साचतो, कफात जंतू वाढतात. उलटीचे थेंब श्वासनळीत गेले असतील तर त्यांना आयतीच वाट. त्यात आयुष्यभर धूर पाहिलेली फुप्फुसं. पोटाच्या वरच्या भागात चीर असेल तर हे दुपटीनं होतं, कारण प्रत्येक श्वासाला टाके ओढले जातात. म्हणून अल्सरचं ऑपरेशन उत्तम झालेला रुग्ण चौथ्या-पाचव्या दिवशी न्यूमोनियानं जायचा, आणि सर्जन म्हणायचा, माझे टाके तर पक्के होते. चीर नसली तरी वय हे काम एकटं करू शकतं.

प्रतिजैविकं होती, ऑक्सिजन होता. पेनिसिलिन येऊन तीस वर्षं झाली होती. कमी पडत होती ती शरीरातली शिल्लक.

रविवार, २ सप्टेंबर

सकाळी लवकर टोल्किन गेले. दुखायला लागल्यापासून अडीच दिवसही धड झाले नव्हते.

त्यानंतर

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात टोल्किन एडिंबराला जाऊन तिथल्या विद्यापीठाची मानद पदवी घेऊन आले होते. त्याच शहरात काम करत होते डॉक्टर जॉन फॉरेस्ट. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दुर्बिणीतून वाहणारे अल्सर बघून त्यांची प्रतवारी लावली: धार उडतेय, झिरपतंय, धमनी नुसती उघडी दिसतेय, गुठळी चिकटलीय, तळ स्वच्छ आहे. ‘लॅन्सेट’मध्ये ती १९७४ साली छापून आली. दुसऱ्यांदा कोण वाहणार हे आधी सांगता येण्याची ही सुरुवात, आणि जगभरचे डॉक्टर आजही केसपेपरवर ‘फॉरेस्ट वन-ए’ असंच लिहितात.

१९७६ मध्ये आम्ल तयार होणं रोखणारं औषध, सिमेटिडीन, ब्रिटनच्या बाजारात आलं. वाहतं रक्त थांबवायला ते फारसं कामाचं नाही, पण अल्सर भरून आणायला होतं, आणि जे भरून येतं ते वाहायच्या वेळेपर्यंत पोचत नाही. सर्जनकडे अल्सरसाठी येणारी रांग पाहता पाहता ओसरली. १९७७ मध्ये ‘सिल्मरिलियन’ छापून आलं. ख्रिस्तोफर यांनी वडिलांची बाडं लावून ते पुरं केलं. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थला बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी जठरातला तो जंतू वाढवून दाखवला. लोक ऐकेनात म्हणून मार्शल यांनी १९८४ मध्ये तो स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. ज्या दुखण्यासाठी शंभर वर्षं जठरं कापली, त्यातलं बरंचसं प्रतिजैविकांच्या गोळ्यांनी बरं होणारं निघालं.

दुर्बिणीलाही हात फुटले. तिच्यातून अॅड्रिनॅलिन टोचणं, धमनी डागणं, चिमटा लावणं सुरू झालं. हाँगकाँगच्या जेम्स लाउ यांच्या गटानं १९९९ मध्ये अखेरचा प्रश्न विचारला: दुर्बिणीनं थांबवलेलं रक्त पुन्हा सुटलं तर आता तरी चिरायचं, की पुन्हा दुर्बीणच घालायची? ९२ रुग्णांचे दोन गट. दुर्बिणीच्या गटातल्या ४८ पैकी ३५ जणांचं रक्त कायमचं थांबलं, आणि गुंतागुंती झाल्या सात जणांना. चिरलेल्या ४४ मध्ये सोळा जणांना. दुसऱ्याच वर्षी याच गटानं दाखवलं की दुर्बिणीनंतर तीन दिवस शिरेतून आम्ल रोखणारं ओमेप्राझोल चालू ठेवलं, तर पुन्हा रक्त सुटण्याचं प्रमाण साडेबावीस टक्क्यांवरून सात टक्क्यांच्या आत येतं. आम्ल मेलं की प्लेटलेट चिकटतात, गुठळी पचत नाही. गुरुवारच्या रात्रीचं उत्तर हे होतं. आता तर मांडीतून बारीक नळी नेऊन ती धमनी आतूनच बुजवणारा रेडिओलॉजिस्टही सर्जनच्या आधी रांगेत उभा असतो.

ब्रिटनमध्ये २००७ साली पोटातल्या रक्तस्रावाच्या रुग्णांची देशभर मोजदाद झाली. शस्त्रक्रियेपर्यंत पोचलेले शंभरात दोन. त्या दोघांच्या गटात मृत्यू मात्र जवळपास तीस टक्के. सर्जनचा हात बिघडला म्हणून नव्हे. सोपे रुग्ण वाटेतच बरे होऊन घरी जातात, आणि दुर्बीण हरली, औषध हरलं, नळी पोचली नाही, असे म्हातारे, थकलेले, हृदयाचे-मूत्रपिंडाचे रुग्ण तेवढे टेबलावर येतात. शिवाय त्या रात्री ड्युटीवर असलेल्या तरुण सर्जननं गुठळ्यांनी भरलेलं जठर उघडताना शिकाऊपणाच्या सगळ्या वर्षांत एक-दोनदाच पाहिलेलं असतं. बोट कुठे ठेवायचं ते त्याला पुस्तकातून माहीत असतं. म्हणून असा फोन आला की तो आधी आपल्या निवृत्तीला आलेल्या सरांना उठवतो.